होता तिथून पुढचं

माझ्या भावाच्या दफनाच्या वेळी त्यांनी पडद्यांची मापं वाचली.

दिल्लीत ऑक्टोबरच्या अखेरीस धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळत नाही. दफनभूमीतली जुनी झाडं त्या सकाळी अर्धवटच दिसत होती. आई-वडील नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आदल्या संध्याकाळी पोहोचले होते. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि वडील खुर्चीची पाठ धरून मागे उभे होते. भाऊ स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी राजेंद्रनगरात राहायचा. त्याच्या खोलीवरची, क्लासमधली मुलं जरा लांब, हात बांधून उभी होती. डेंगीने तो आठवड्याभरात गेला होता आणि त्यातल्या निम्म्या मुलांनी त्याच्यासाठी रक्त दिलं होतं.

पाळकांची प्रार्थना झाली आणि त्यांनी शास्त्रपाठासाठी काकांकडे पाहिलं. काका म्हणजे आमच्या मराठी प्रार्थनासभेचे वाचक. तेव्हा सत्तरीला आलेले, उंच, बंद गळ्याच्या कोटातले. अशा वेळी काय वाचायचं हे ख्रिस्ती घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं: मेंढपाळाचं स्तोत्र, नाहीतर पुनरुत्थानाचा अध्याय. काकांनी जाड काळं पुस्तक उघडलं, खुणेची लाल फीत बाजूला सारली आणि रानातल्या निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या तंबूसाठी, पडदे कसे करायचे ते वाचायला लागले. किती हात लांब, किती हात रुंद. कोणता पडदा कोणत्या पडद्याला जोडायचा. पडद्याच्या काठाला निळ्या सुताची बिरडी करायची, म्हणजे अडकवायच्या कड्या, आणि ती बरोबर समोरासमोर यायला हवीत. मग बकऱ्याच्या केसांचे पडदे, त्यांची मापं निराळी. मग फळ्या, मग फळ्यांच्या बैठका.

पाळक एकदा खाकरले. काका थांबले नाहीत. अध्याय पुरा झाल्यावर नेहमीच्याच आवाजात "शास्त्रपाठ संपला" म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

"आज तरी काहीतरी आधाराचं वाचायचं होतं," पाळक त्यांना फाटकाशी म्हणाले.

"क्रमाने हेच आलं होतं."

"क्रम एखाद्या दिवशी बाजूला ठेवता येतो, काका."

"कोणी ठेवायचा?" काकांनी विचारलं. त्यात उर्मटपणा नव्हता. ज्याने ठेवायचा त्याचं नाव त्यांना खरंच हवं होतं.

वडिलांना ते फार लागलं. परतताना टॅक्सीत ते म्हणाले, "माझं पोर जमिनीत चाललं होतं आणि तो माणूस शिवणकाम वाचत होता." आणि मग थोड्या वेळाने, "पण हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय."

मी सांगितलं. काका दिल्लीहून रेडिओवर मराठी बातम्या वाचायचे. कित्येक वर्षं. वडील खिडकीबाहेर बघत राहिले. "आमचे आबा गेले त्या सकाळी रेडिओ बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं," ते म्हणाले. "घरात रडारड आणि फळीवर हाच बोलत होता. कुठेतरी धरण भरल्याचं."

काकांना हे पुढे कधीतरी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "भरलं असेल," म्हणाले.

त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाचं मूळ त्या नोकरीत होतं असं लोक म्हणायचे. मला वाटतं उलट असेल; असा माणूस त्याच नोकरीत टिकला असता. बातमी वाचणाऱ्याने बातमी आणि ऐकणारा यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. शास्त्रही ते तसंच वाचायचे. मिसर देशावर आलेल्या पीडा त्यांच्या तोंडून हवामानाच्या अंदाजासारख्या यायच्या; गारांचा वर्षाव, टोळधाड, अंधार. वंशावळ वाचताना नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी चालला आहे असं वाटायचं. दर शुक्रवारी संध्याकाळी सभा भरायची, बहुतेकदा त्यांच्याच मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये, आणि दर शुक्रवारी एक अध्याय. उत्पत्तीपासून सुरू, गाळायचं काही नाही, निवडायचं काही नाही. नाताळला नाताळचा अध्याय नाही, लग्नाला लग्नाचा नाही. क्रमाने येईल तो.

गुरुग्रामहून एक आयटीवाला मुलगा काही महिने सभेला यायचा. मूळचा पुण्याचा, गिटार घेऊन. त्याने एकदा अदबीने सुचवलं, "अंकल, तुमचा व्हॉइस इतका सॉलिड आहे. थोडं फील देऊन वाचा ना."

"फील देणं माझ्याकडे नाही," काका म्हणाले. "तुला आला तर तो तुझा. नाही आला तर तोही तुझाच."

"पण यार अंकल, शब्द जिवंत आहे ना?"

"जिवंत आहे ना? मग मी त्याला कशाला हलवू?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्याच्या नादाला लागू नकोस रे बाबा. आमटीत मीठ नाही हेसुद्धा हे आमच्या वार्ताहराकडून म्हणून सांगतात."

काकू ठेंगण्या, गोऱ्या, सतत काहीतरी गुणगुणणाऱ्या. त्यांच्याकडे एकच गाणं होतं. स्तोत्रसंहितेतल्या एका स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळी, त्यांच्या माहेरच्या गावच्या चर्चमध्ये बसवलेल्या चालीवर: परमेश्वराच्या दयेची गाणी आपण सदा गात राहू, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या ओळी त्यांना येत नव्हत्या. पोळ्या लाटताना त्या त्याच दोन ओळी फिरवून फिरवून म्हणायच्या आणि दुसऱ्या ओळीवर दर वेळी बेसूर व्हायच्या. काका पेपरमधून डोकं न काढता म्हणायचे, "पुढची ओळ अजून आलेली दिसत नाही." काकू म्हणायच्या, "अहो, दोन ओळींत माझं भागतं. तुम्ही वाचा बाकीचं."

माझा भाऊ त्या घरी जायचा तो खरं तर पोळ्यांसाठी. राजेंद्रनगरातल्या मेसचं खाऊन त्याचं पोट बिघडलेलं असायचं. शुक्रवारी तो माझ्याआधी पोहोचायचा, काकूंच्या हाताखाली कांदा चिरून द्यायचा, आणि वाचन चालू असताना डोळे मिटून बसायचा. झोपायचा असा माझा अंदाज होता.

दफनानंतर महिना-दीड महिन्याने मी काकांकडे गेले. मी दिल्लीतल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या दिवसांत पुस्तकं जागेवर लावण्यापलीकडे मला काही जमत नव्हतं. मी त्यांना विचारलं, पडदेच का?

"तुझा भाऊ आधीच्या शुक्रवारी इथे बसला होता," ते म्हणाले. "तिथे, त्या वेताच्या मोड्यावर. तेव्हा कोशाचा, म्हणजे कराराच्या पेटीचा, आणि दीपवृक्षाचा अध्याय झाला होता. मग तो आजारी पडला आणि सभा भरली नाही. तो होता तिथून पुढचं वाचलं."

मी मोड्याकडे पाहिलं.

"त्याच्या ऐकण्यात खंड पडायला नको," ते म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. एवढं बोलून थांबतील असं वाटलं होतं, पण त्या दिवशी ते आणखी बोलले. "मी रेडिओवर नोकरीला असताना ते घरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. म्हटलं, लोक उपाशी मरतायत रानात आणि हा बिरडी समोरासमोर आली पाहिजेत म्हणून सांगतोय. आता राग येत नाही. देव कसा आहे ते मला ठाऊक नाही, पोरी. प्रेम आहे म्हणतात. असेल. पण एवढं मी वाचलंय, की एका कडीसमोर दुसरी कडी आली नाही तर त्याला चालत नाही. ज्याला कडीचं इतकं पडलंय तो तुझ्या भावाच्या बाबतीत निष्काळजी असेल असं मला वाटत नाही." आणि लगेच, एखादी चुकीची बातमी दुरुस्त करावी तसं, "अर्थात तसं तिथे लिहिलेलं नाही. तिथे फक्त कड्या लिहिल्यात."

मला मिळालेला सगळा आधार हा एवढाच. इतरांनी पुष्कळ दिला होता. देवाची योजना, देवाला फुलं आवडतात, तो आता चांगल्या ठिकाणी आहे. त्यातलं काही हाताला लागलं नाही. बिरडी लागली. मी आता न चुकता दर शुक्रवारी जायला लागले, आणि मधल्या दिवसांत काही सुचेनासं झालं की मनाशी म्हणायची, शुक्रवारी पुढचा अध्याय आहे. तो कितीही रुक्ष असला, कुष्ठरोगाच्या डागांचा असला किंवा अर्पणाच्या ताटांचा, तरी तो आहे आणि काका तो वाचणार आहेत. दुसऱ्याच्या श्रद्धेवर इतकं रेलून राहू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझी स्वतःची उभी राहत नव्हती. त्यांचं पुढचं पान हेच माझं पुढचं पान झालं होतं.

एका जानेवारीत दिल्लीच्या मराठी मंडळींनी पानिपतला काला अंबला जायची बस केली, तेव्हा काका-काकूही आले. स्मारकापाशी भाषणं झाली. एक वक्ते फार तापले. हार ही हार नव्हतीच, त्या मातीतून पुढे काय काय उगवलं, वगैरे. टाळ्या पडल्या. काका माझ्या शेजारी मफलर गुंडाळून उभे होते. "इथे आपण हरलो," ते हळूच म्हणाले. "एवढं साधं वाक्य दोन तासांत कोणी म्हटलं नाही."

"लोकांना धीर नको का द्यायला?" काकू म्हणाल्या.

"धीर मेलेल्यांना देतायत का जिवंतांना?"

परतताना बसमध्ये त्यांनी मला स्तोत्रांबद्दल एक गोष्ट सांगितली. काकूंचं ते दयेचं गाणं ज्या एकोणनव्वदाव्या स्तोत्रातलं आहे, ते पुढे फार लांब आहे. गाण्याने सुरू होतं, मग देवाने राजाला दिलेली वचनं येतात, आणि मग एकाएकी सगळं फिरतं. तू वचन मोडलंस, मुकुट धुळीत टाकलास, तुझी ती पूर्वीची दया कुठे गेली, अशी उलटतपासणी सुरू होते. उत्तर येत नाही. आणि अगदी शेवटी एक सुटी ओळ आहे, परमेश्वर धन्य असो, आमेन, पुन्हा आमेन.

"ती ओळ नंतर कुणीतरी जोडली आहे," काका म्हणाले. "अभ्यासक म्हणतात, स्तोत्रांचा एक भाग तिथे संपतो म्हणून. मला वाटतं, कुणा भल्या माणसाला ते तसंच उघडं सोडवेना."

"मग ती वाचायची की गाळायची?" मी विचारलं.

"वाचायची. कागदावर आहे ना." ते खिडकीबाहेर बघत होते. "बातमी मला खरी वाटते का, हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. हातात कागद यायचा. मी वाचायचो."

काकूंची एक चोरी होती. त्यांच्याकडे वचनांची डबी होती. आमच्यात बऱ्याच घरी असते. लहानशी डबी, तिच्यात शास्त्रातल्या ओळी छापलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, रोज सकाळी एक काढायची आणि ते आपलं त्या दिवसाचं वचन. सगळ्या ओळी अर्थातच चांगल्या. काकांना त्या डबीचा मनस्वी तिटकारा. "पिंजऱ्यातल्या पोपटाने चिठ्ठी काढावी तसं," ते म्हणायचे. "आणि त्या डबीत एकही शाप कसा नाही? पुस्तकात तर आहेत." म्हणून काकू ती मसुराच्या डब्यात लपवून ठेवायच्या आणि काका फिरायला गेले की काढायच्या. काकांना हे माहीत होतं. ते फिरायला जरा जास्त वेळ लावायचे.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण शब्द सापडायचे नाहीत. गंमत अशी, तिला गंमत म्हणवत नाही, की शब्द गेले आणि चाल राहिली. त्या दोन ओळींची चाल त्या गुणगुणू शकायच्या, नुसत्या हं-हं करून, आणि दुसऱ्या ओळीवर पूर्वीच्याच जागी बेसूर व्हायच्या.

आणि डाव्या हाताने त्या रोज सकाळी स्वयंपाकघराकडे बोट दाखवायच्या. काकांना कळत होतं. पहिले काही दिवस त्यांनी पाणी आणून दिलं, बिस्किट आणून दिलं. मग एके सकाळी मी तिथे असतानाच ते उठले, मसुराचा डबा घेऊन आले, आत हात घालून डबी काढली आणि पलंगाच्या कडेला बसून एक गुंडाळी उलगडली. दुखणं बरं करणाऱ्या देवाबद्दलची ओळ होती. त्यांनी ती बातमीच्या आवाजात वाचली. काकूंनी अर्ध्या तोंडाने हसून अजून एक अशी खूण केली.

"रोज एकच असते," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा खूण केली. त्यांनी दुसरी काढली.

त्यानंतर ते रोज वाचायचे, बऱ्या होण्याची, बळ मिळण्याची, अश्रू पुसले जाण्याची वचनं, आयुष्यभर ज्यांना नाकं मुरडली ती एकेक करून, डाळीची भुकटी झटकून. एकदा त्यांनी मला दारापर्यंत सोडताना विचारलं, "यातली एकतरी खरी व्हायला काय हरकत आहे?" उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. पण त्या दिवशी मला भीती वाटली. कागद वाचणारा माणूस पहिल्यांदाच कागदावर विसंबून बसला होता.

काकूंची चालही हळूहळू तुटली. आधी दुसरी ओळ गेली. मग पहिली. उन्हाळ्यात त्या गेल्या.

दफनाला पाळक काही बोलले नाहीत. त्यांना आता सवय होती. सभा तेव्हा स्तोत्रसंहितेत होती, आणि काकूंनी पलंगावरून ऐकलेल्या स्तोत्राच्या पुढचं स्तोत्र क्रमाने आलं ते अठ्ठ्याऐंशीवं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: सगळ्या स्तोत्रांत रडणं आहे, पण बहुतेकांत शेवटी कुठेतरी वळण येतं, तरीही मी तुझी स्तुती करीन असं काहीतरी. या स्तोत्रात ते येत नाही. तो माणूस रात्रंदिवस हाका मारतो, खड्ड्यात असल्याचं सांगतो, जिवलग दूर गेल्याचं सांगतो आणि स्तोत्र अंधार या शब्दावर संपतं. काकांनी ते काकूंच्या कबरीपाशी सरळ आवाजात वाचलं. आणि "शास्त्रपाठ संपला" म्हटलं नाही. पुस्तक उघडंच धरून उभे राहिले. लोकांना कळेना, आमेन म्हणायचं की थांबायचं. शेवटी माती लोटायला सुरुवात झाली.

पुढच्या शुक्रवारी सभेत त्यांनी पुस्तक उघडलं आणि पुन्हा अठ्ठ्याऐंशीवं वाचलं. आम्हाला वाटलं, दुःखात चूक झाली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. पाळक म्हणाले, "काका, आता एकोणनव्वदावं." काका म्हणाले, "पुढची बातमी अजून हाती आलेली नाही."

त्यानंतर दर शुक्रवारी तेच. लोकांनी पहिल्यांदा समजून घेतलं. मग एकेक जण येईनासा झाला. गिटारवाला मुलगा कधीच बंगळुरूला गेला होता. एक बाई मला म्हणाल्या, "आठवडाभर ऑफिस, ट्रॅफिक, आणि शुक्रवारी परत तो खड्डा. बिल्कुल सहन होत नाही गं." त्यांचं चूक नव्हतं. पाळकांनी सभा दुसऱ्या घरी नेली, तिथे स्क्रीनवर गाण्याचे शब्द दिसायचे. काकांच्या घरी मी एकटी उरले.

मी क्रमावर जगत होते आणि ज्याने मला क्रम दिला तो थांबला होता. एकदा मी भांडले.

"पुढचं तरी कुठे सुखाचं आहे? तुम्हीच सांगितलंत. तोही शेवटी विचारतोच ना, दया कुठे गेली म्हणून."

"विचारतो. पण आधी गातो."

"दोनच ओळी आहेत, काका."

"हो," ते म्हणाले. "त्या दोनच."

मग मला कळलं. ती चाल त्या घराच्या भिंतींत होती. त्या ओळी त्यांना सरळ आवाजात वाचता आल्या नसत्या, आणि आवाज फुटलेला त्यांना चालला नसता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "जो कड्या मोजत होता ना, पोरी. त्याला तिची ही खाट दिसली नसेल असं मी म्हणू शकत नाही. दिसलीच असणार. तिथेच मी अडकलोय. दिसली नाही असं म्हणता आलं असतं तर पुढे गेलो असतो."

शेवटची वर्षं ते मुलाकडे गुरुग्रामला होते, विसाव्या का एकविसाव्या मजल्यावर. मुलगा मोठ्या कंपनीत आहे. दिल्लीत वाढलेला, वडिलांचं मराठी त्याला निम्मंच कळायचं. काकांची दृष्टी गेली होती. मी शुक्रवारी मेट्रोने जायची, पुढे रिक्षा, खाली रजिस्टरमध्ये नाव, आणि वर जाऊन त्यांना अठ्ठ्याऐंशीवं वाचून दाखवायची. ते खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. कुठे आवाज चढला तर बोट खाली करायचे. संपल्यावर मीही "शास्त्रपाठ संपला" म्हणत नसे. एकदा मी न विचारता पुढच्या स्तोत्राचा पहिला शब्द उच्चारला. त्यांनी हात वर केला, स्टुडिओत करत असतील तसा. मी थांबले. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या आणि इतक्या उंचावर त्यांचा आवाज येत नव्हता.

"आली का बातमी?" निघताना मी कधी कधी विचारायची.

"नाही. तुला?"

"नाही."

"बरं. सावकाश जा."

ते गेले तेव्हा सोमवार होता. मुलाने फोनवर सांगितलं आणि म्हणाला, "दीदी, रीडिंग तुम्हीच करा. पण प्लीज, काहीतरी पॉझिटिव्ह. माझ्या ऑफिसचे लोक येतायत. वो वाला मत पढ़ना."

त्यांना काकूंच्या शेजारी ठेवायचं होतं. हवा त्या दिवशीही तशीच होती, धुरकट. माझ्या हातात त्यांचं काळं पुस्तक होतं आणि लाल फीत अठ्ठ्याऐंशीव्यावर. मला वाटत होतं की त्यांना हवं असतं तर हेच हवं असतं. पण कबरीपाशी नियम एकच होता आणि तो मी माझ्या भावाच्या वेळी शिकले होते. होता तिथून पुढचं. ऐकण्यात खंड पडायला नको. मी फीत बाजूला केली आणि पान उलटलं.

पहिल्या ओळीला मागच्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांनी मान वर केली. त्यांना काकूंची चाल माहीत होती. एकीने ती ओठांतल्या ओठांत धरलीही. मी आवाज हलू दिला नाही. मग स्तोत्र पुढे गेलं, वचनांत, राजाच्या अभिषेकात, आणि मग फिरलं. मोडलेला करार. धुळीतला मुकुट. पाडलेल्या भिंती. गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं. मुलगा माझ्याकडे बघत होता. किती काळ लपून राहणार, असं विचारून झालं. ती पूर्वीची दया कुठे आहे, असं विचारून झालं.

आणि ती शेवटची ओळ राहिली. भल्या माणसाची.

मी थांबले. ते असते तर इथे पुस्तक उघडं धरून उभे राहिले असते, असं मला एक क्षण वाटलं. पण त्यांनी बसमध्ये जे सांगितलं होतं तेही मला स्पष्ट आठवत होतं. कागदावर होती. मी वाचली. आमेन, पुन्हा आमेन. सगळ्यांनी मोठ्याने साथ दिली, ऑफिसच्या लोकांनीसुद्धा, आणि सुटल्यासारखे पाय हलवले. "शास्त्रपाठ संपला," मी म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.

"थँक यू, दीदी. अच्छा था," मुलगा म्हणाला.

आता सभा नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी घरी क्रमाने पुढचा अध्याय वाचते, मोठ्याने, समोर कोणी बसलं आहे अशा आवाजात. आवाज अजून फुटलेला नाही. काकांना तेवढं पुरलं असतं. त्या शेवटच्या ओळीवर माझा विश्वास आहे का, हे मला कोणी विचारलेलं नाही.